मामाशी लग्न आणि कलम पाच

हिंदू विवाह कायद्याचं कलम ५ तुम्ही कधी वाचलंय का? वकील असाल तर सोडा, बाकी आपण कशाला वाचायला जातोय, पत्रिका छापली, कार्यालय ठरलं, जेवणाचा मेनू ठरला की आपल्यापुरता लग्नाचा कायदा संपला. पण वाचून बघाच, पाचच अटी आहेत. पहिली, आधीचा नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न नाही. दुसरी मानसिक आरोग्याची. तिसरी वयाची, आज मुलाला २१ आणि मुलीला १८. चौथी आणि पाचवी नात्याची, म्हणजे एवढ्या एवढ्या जवळच्या नात्यात लग्न करायचं नाही. आणि या शेवटच्या दोन अटींना कायद्यानं एक शेपूट लावून ठेवलंय, की दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर चालेल. पहिल्या आणि तिसऱ्या अटीला हे शेपूट नाही. तुमच्यात पिढ्यान् पिढ्या दोन बायका करायची पद्धत असू दे नाहीतर बाराव्या वर्षी मुलगी उजवायची पद्धत असू दे, कायदा म्हणतो ते आम्हाला सांगू नका.

मला हे लई भारी वाटतं. नीती ज्याच्या त्याच्या समाजापुरती असते का सगळ्या माणसांना मिळून एकच असते यावर तत्त्वज्ञानवाले अडीच हजार वर्षं भांडतायत, आणि १९५५ साली आपल्या संसदेनं एकाच कलमात दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन टाकलं. काही गोष्टी रूढीच्या हातात, काही गोष्टींना रूढीनं हात लावायचा नाही. राहता राहिला प्रश्न, कुठली गोष्ट कुठं टाकायची, आणि ते ठरवणार कोण.

सोलापूरकराला ते शेपूट कशाला लावलंय हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडं एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषांत भांडणं होतात आणि ती सगळ्यांना कळतात. पूर्व भागात पद्मशाली लोक मोठ्या संख्येनं, तेलंगणाकडनं मागावर कामाला आलेली घराणी, आता पूर्ण सोलापुरी. त्यांच्यात मोठ्या बहिणीची मुलगी मामाला द्यायची जुनी पद्धत आहे. मोठ्या बहिणीची हं, धाकट्या बहिणीच्या मुलीशी नाही, ती स्वतःच्या पोरीसारखी, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं मोकळं रान वाटतं तिथं आतमध्ये चांगला कडक नियम आहे. कन्नड बोलणाऱ्या बऱ्याच घरांत पण मामा चालतो. हे आमच्या मराठी घरात सांगितलं की पहिला आवाज एकच, "सख्ख्या मामाशी? शी!"

आता हाच शी करणारा मराठी माणूस मामाच्या मुलीवर मात्र स्वतःचा हक्कच समजतो, लहानपणापासून चेष्टा चाललेली असते की ही तुझी बायको. हे जर आमच्या ओळखीच्या मारवाडी दुकानदारांच्या घरात बोललं तर त्यांच्या पोटात ढवळतं, कारण त्यांच्यात मामाची मुलगी म्हणजे बहीण, राखी बांधणारी बहीण, आईच्या गोत्रातसुद्धा सोयरीक करत नाहीत. मुसलमान शेजाऱ्यांत चुलत भावंडांचं लग्न चालतं, पण मामा-भाचीचं त्यांच्या धर्मात साफ हराम. आणि चुलत भाऊ-बहीण म्हटलं की आमच्या समोरच्या अम्मा, ज्यांचं स्वतःचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं, त्या कानावर हात ठेवतात. म्हणजे ज्याला त्याला शेजारच्याचं घाण वाटतंय आणि आपलं तेवढं रीतीचं. एका गल्लीत सगळ्यांनी एकमेकांना शी करून झालं तरी सकाळी पाण्याला सगळे एकाच नळावर.

याच्यात शास्त्रानं तोंड घातलं तर कुणाचीच बाजू पूर्ण निघत नाही. मामा आणि भाचीचे जनुक साधारण पाव भाग सारखे असतात, सख्ख्या मामे किंवा चुलत भावंडांचे आठवा भाग. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मजात दोष दिसतो, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात ते प्रमाण साधारण दुप्पट होतं, मामा-भाचीत धोका आणखी वर. म्हणून बाळंतपणाच्या पहिल्या तपासणीला डॉक्टर विचारतात, नात्यातलं लग्न आहे का. पण बघा, हे कारण आपल्या शी मध्ये कुठंच नव्हतं. आपण मामेबहिणीला होय आणि मामाला नाही म्हणताना जनुक मोजत नव्हतो. आणि शास्त्राला मामेबहीण आणि चुलतबहीण सारखीच, आपल्याला एक बायको आणि एक बहीण.

इथपर्यंत मी शंभर टक्के माझ्या मित्राच्या बाजूनं आहे. हा मित्र कॉलेजात इतिहास शिकवतो आणि त्याचं म्हणणं असं की नीती-बिती सगळी त्या त्या समाजाची, बाहेरच्यानं येऊन शहाणपणा करू नये. पार्क चौकात चहा पिताना त्यानं मला ती जुन्या ग्रीक इतिहासकाराची, हेरोडोटसची, गोष्ट सांगितली होती, इराणचा राजा दरायस यानं ग्रीकांना विचारलं की किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचं मांस खाल, ते म्हणाले जगातल्या कुठल्याच पैशाला नाही, मग त्यानं कॅलॅटियन नावाच्या लोकांना बोलावलं जे आपल्या मेलेल्या बापाला खायचे, हेरोडोटस त्यांना हिंदुस्थानी म्हणतो, आता खरंखोटं देव जाणे, आणि त्यांना विचारलं की किती पैशाला बापाला जाळाल, तर ते ओरडलेच की असलं अभद्र बोलू नका. हेरोडोटसचा निष्कर्ष, रूढी हीच सगळ्यांची राजा. मित्र म्हणाला, "कळलं का बे? संपला विषय."

मला त्या गोष्टीत वेगळंच दिसतं. त्या दरबारात ज्याचं काहीतरी बरंवाईट होणार तो माणूस आधीच मेलेला आहे. बापाला जाळा, पुरा, खा, गिधाडांना द्या, बापाला काय फरक पडतोय. ज्याचं त्याचं आपापलं म्हणणाऱ्यांची आवडती उदाहरणं नीट बघितली तर बहुतेक अशीच असतात, जेवणखाण, कपडे, मर्तिकाचे विधी, ज्यात जिवंत माणसाचं काही जात नाही. दरायसनं त्याच दरबारात, समजा, एखाद्या गुलामाला बोलावून विचारलं असतं की बाबा किती पैशाला गुलाम राहशील, तर ती गोष्ट एवढी गोड उतरली नसती. पण गुलामाला कोण बोलावतंय. रूढी काय आहे हे विचारायला नेहमी रूढीतला वरचा माणूसच बोलावतात.

पण मित्राला मी सहज झटकत नाही, कारण त्याच्याकडं दुसरं हत्यार आहे आणि ते आमच्याच गावातलं आहे. सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे, रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं तरी पुरतं, नाव का पडलं हे नवीन पोरांना बहुतेक माहीतही नसतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो आणखी पसरवला, आणि पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं. चोरी केली म्हणून नाही, जन्माला आले म्हणून. तारेच्या कुंपणात वस्ती, म्हणजेच सेटलमेंट, वेळेवर हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी. आणि हे सगळं करणारे लोक स्वतःला दुष्ट समजत नव्हते, त्यांच्या मते ते माणसांना सुधारत होते, कष्टाची सवय लावत होते, प्रामाणिकपणा शिकवत होते. म्हणजे सगळ्या जगाला लागू अशी नीती घेऊनच ते आले होते. कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ ला. ज्यांच्या आज्यानं ती हजेरी दिली त्यांना कुणी येऊन म्हटलं की आमच्याकडं सगळ्या माणसांसाठीची मूल्यं आहेत, तर त्यांनी आधी पाकीट सांभाळलं तर मला त्यात काही चूक वाटत नाही.

पण मग मी मित्राला विचारतो, तो कायदा वाईट होता असं तू कशाच्या जोरावर म्हणतोस? त्या साहेबांच्या समाजात, त्या काळात, ते योग्यच मानलं जात होतं. त्यांची रूढी. माणूस जन्मानं गुन्हेगार नसतो हे वाक्य तू फक्त आपल्या गावापुरतं म्हणतोयस का साहेबाला पण ऐकवतोयस? साहेबाला ऐकवायचं असेल तर तुझ्याकडं पण दोघांच्या डोक्यावरून जाणारं काहीतरी माप आहे, फक्त तू ते खिशात ठेवून हिंडतोस. यावर तो चहा मागवतो. (हे त्याचं उत्तर नाही असं तो म्हणतो, मी आहे म्हणतो.)

मला जे कळलंय ते असं की "त्यांची संस्कृती" असं आपण म्हणतो तेव्हा त्या संस्कृतीत एकच तोंड आहे असं धरून चालतो. कधीच नसतं. रखमाबाईंचं घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला, नवऱ्यानं कोर्टात खेचलं. १८८५ मध्ये त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या सहीनं टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली बालविवाहाविरुद्ध, आणि १८८७ ला कोर्टानं सांगितलं की नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंग, तर बाई म्हणाल्या तुरुंग चालेल. तेव्हा अर्धा महाराष्ट्र ओरडत होता की हे आपल्या धर्मावर आक्रमण आहे. पण रखमाबाई काय लंडनहून आल्या होत्या? सुतार समाजातली मुंबईची मुलगी, तेवढीच हिंदू, तेवढीच मराठी. नंतर लंडनला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. मग आपली संस्कृती कुठली, ओरडणाऱ्यांची का तुरुंग चालेल म्हणणारीची?

चारच वर्षांनी १८९१ ला संमतीवयाचा कायदा आला, म्हणजे लग्नाचं नव्हे, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय, नवऱ्यालासुद्धा लागू, ते १० चं १२ केलं, बास, दोन वर्षं वाढवली आणि त्यावर केवढं रान उठलं. टिळक विरोधात होते. त्यांना बालविवाह आवडत होता असं म्हणणं अन्यायाचं होईल, मुलीचं सोळाच्या आत लग्न करणार नाही अशी शपथ लोकांनी आपखुशीनं घ्यावी अशी सूचना त्यांनीच मांडली होती. त्यांचा राग परक्या सरकारनं आपल्या घरात हात घालण्यावर होता. मला तो राग कळतो, सेटलमेंटच्या गावात राहणाऱ्याला कळायलाच पाहिजे. पण कायद्याच्या आधी १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधानं मेली होती. घर आपलं होतं हे बरोबर, पण घरात ती पण राहत होती.

हाच तमाशा पुढं जगाच्या पातळीवर झाला. १९४७ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांना निवेदन पाठवलं, हर्स्कोविट्सनं लिहिलेलं, की मूल्यं त्या त्या संस्कृतीची असतात, पश्चिमेची मूल्यं सगळ्यांवर लादू नका. हेतू चांगला होता, वसाहतींच्या विरोधातला होता. (त्याच संघटनेनं १९९९ ला मानवी हक्कांच्या बाजूनं जाहीरनामा काढला, असो.) १० डिसेंबर १९४८ ला मतदान झालं, ४८ देश बाजूनं, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांत दक्षिण आफ्रिका होती, वर्णभेदवाली, तिला का नको होतं ते उघड आहे. सौदी अरेबिया होता, त्यांच्या आक्षेपांत कलम १६ पण होतं, ज्यात म्हटलंय की लग्न पूर्ण वयाच्या स्त्री-पुरुषांच्या मोकळ्या आणि पूर्ण संमतीनंच व्हावं. म्हणे ही पाश्चात्त्य कल्पना आहे. आता मजा बघा, सौदीची बाजू मांडणारे बारूदी हे मूळचे लेबननचे ख्रिश्चन, आणि त्या कलमाच्या बाजूनं बोलत होत्या पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला, मुसलमान बाई, ज्यांना ते बालविवाह आणि जबरदस्तीच्या लग्नाविरुद्ध पाहिजे होतं. पूर्व कोण आणि पश्चिम कोण ते तुम्हीच ठरवा.

म्हणून मला कलम पाचमधली ती वाटणी बरोबर वाटते. मामा का मामेबहीण का चुलतभाऊ, हे दोन मोठ्या माणसांचं आपसातलं. बाकीच्यांना किळस येते तर येऊ दे, किळस ही काय तक्रार नव्हे, डॉक्टरनं धोका समजावून सांगावा आणि बाजूला व्हावं. वय मात्र वेगळं, कारण बारा वर्षांच्या मुलीला नाही म्हणताच येत नाही. जी गोष्ट ज्याच्या अंगावर पडते त्याला नाही म्हणायची सोय आहे का, एवढं बघायचं. सोय असेल तर रूढीला रान मोकळं. आणि हे काय जुनं झालेलं नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक. महाराष्ट्रात, पुरोगामी वगैरे.

पण हे माझं माप अम्मांच्या दारात नेलं की जरा वाकडं बसतं.

अम्मांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, १९७० च्या सुमाराला. तेव्हा कायद्यात मुलीचं वय १५ होतं, १८ झालं ते १९७८ ला, म्हणजे कायद्यानं त्यांच्या लग्नात काहीच चुकीचं नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? अम्मा दारात बसल्या होत्या, मांडीवर सूप, भिजवलेल्या तेंदूपानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूट तंबाखू, दोन बोटांत वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे, टोक दाबायचं, नजर माझ्याकडं आणि हात आपले चालूच. "काय विचारायचं त्यात? मामाच की. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून गड्ड्याच्या जत्रेला जायची मी. परक्याच्या घरात पडण्यापेक्षा हे बरं नाही का? सासू म्हणजे माझी आजीच. कोण मारणार मला?" आणि हे खरं आहे, चाळीस वर्षं संसार झाला, मालक मागावर, ह्या बिड्या वळायच्या, कधी आवाज बाहेर आला नाही. शेजारच्या मराठी घरांत, जिथं बघून-दाखवून परक्यात लग्नं झाली, तिथले आवाज आम्ही रोज ऐकलेत.

संमती नाही, वय नाही, आणि बाई सुखी. मित्राला हे उदाहरण फार आवडतं.

पण त्यानं पुढचं ऐकलेलं नसतं. नव्वदच्या आसपास अम्मांच्या धाकट्या भावानं अम्मांची मुलगी मागितली, रीतीप्रमाणं त्याचा पहिला हक्क, मुलगी तेव्हा सोळाची. अम्मा आडव्या आल्या. का, तर पोरीला कॉलेज करायचं होतं, आणि दुसरं म्हणजे भाऊ प्यायचा. आता आईला, म्हणजे रीतीच्या बाजूनं उभ्या असलेल्या स्वतःच्या आईला, भाऊ पितो म्हणून तोडता येईना, त्यात अपमान होतो. मग अम्मांनी तिला काय सांगितलं, अठराच्या आत केलं तर पोलीस धरून नेतील, पेपरात नाव येईल. दोन वर्षं अशी निघाली, तोवर भावाचं दुसरीकडं जमलं. भाऊ मग बरीच वर्षं त्यांच्या दारात आला नाही.

मित्र म्हणतो बघ, बदल आतून झाला, बाहेरच्याची गरज पडली नाही. मी म्हणतो अठराचा आकडा आत कुणी आणला? दिल्लीहूनच आला ना तो. अम्मांना त्यावर विश्वास होता म्हणून नाही वापरला त्यांनी, हाताशी होता म्हणून वापरला. नसता तर काय सांगितलं असतं आईला?

आता त्या मुलीची मुलगी पुण्याला आयटीत आहे. गेल्या गड्ड्याला आली होती, आणि अम्मांच्या मनात तिला मोठ्या मुलाच्या मुलाला करून घ्यायचं, म्हणजे तिच्या मामेभावाला, दोघं शिकलेले, दोघं विशी ओलांडलेले, माझ्या मापानं काहीच अडचण नाही. पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "कझिन आहे तो माझा. शी, किती घाण." आमच्या मराठी बायका करतात तशीच शी, फक्त आमच्यात मामेभावाला कुणी ती लावत नाही. ही तिनं कुठनं उचलली, पुण्यातनं का इन्स्टावरनं, कळत नाही.

अम्मांचा चेहरा उतरला. "मग आमचं घाणच होतं का गं? तुझी आई घाणीतनं आली का?"

मी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, नाही म्हणायचं तर खुशाल म्हण, कुणी तुला जबरदस्ती करणार नाही, पण ती शी परत घे, आजीला लागलंय. ती म्हणाली, "काका, नुसतं नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी रात्रभर का का करून डोकं खाल्लं असतं. शी म्हटलं, पाच मिनिटात संपलं."

ते पण खरं. पण शी तिनं परत घेतली नाही, आणि अम्मांनी तिला निघताना चटणी-भाकरी बांधून दिली ती तिच्या हातात नाही दिली, तिच्या आईच्या हातात दिली.